ड्रॅगनचं वजन किती? मराठी फँटसी कादंबरी लिहिण्याची रीत

मराठीत ड्रॅगनची कादंबरी लिहायला घेणारे बरेच जण पहिल्याच प्रकरणात त्याला दादरच्या गल्लीतून थेट आभाळात उडवतात. वाचक ते वाक्य वाचून पुढे जातो आणि चाळिसाव्या पानावर पुस्तक मिटतो. का मिटलं, हे त्यालाही नीट सांगता येत नाही. बहुतेक वेळा कारण एवढंच असतं की त्या जनावराला वजन नव्हतं, भूक नव्हती आणि स्वतःची मराठी नव्हती. ड्रॅगन खोटा आहे हे वाचकाने पुस्तक उघडतानाच मान्य केलेलं असतं. त्यापुढचा हिशोब लागावा, एवढीच त्याची अपेक्षा असते.

म्हणून कथानकाच्या आधी एक शंभर पानी वही करा. शरीर, अन्न, आग, बोली आणि किंमत असे पाच भाग पाडा. कादंबरीत येणारा ड्रॅगनविषयीचा प्रत्येक आकडा आणि प्रत्येक नियम आधी या वहीत जाईल, मग प्रकरणात.

शरीर: घारीपासून सुरुवात

मुंबईत मोजमापासाठी घारीइतका सोयीचा पक्षी नाही. पंख पसरले की साधारण दीड मीटर, वजन पाऊण किलोच्या आसपास. आता ही घार सगळ्या बाजूंनी दहापट मोठी करा. पंखांचा पसारा १५ मीटर होतो. पंखांचं क्षेत्रफळ मात्र १०० पट वाढतं आणि वजन १००० पट, म्हणजे ७५० किलो. पंखाच्या प्रत्येक चौरस मीटरवर आता दहापट भार आला. हवेत टिकून राहायला लागणारा वेग या भाराच्या वर्गमुळाने वाढतो, म्हणजे घारीच्या तिपटीहून थोडा जास्त. असं जनावर एका जागी तरंगू शकत नाही, अंगणात अलगद उतरू शकत नाही आणि गल्लीतून तर उडूच शकत नाही. उडायला त्याला कड्यावरून झेप घ्यावी लागेल, उतरायला लांब मोकळी जागा लागेल.

पृथ्वीवर उडून गेलेल्या सगळ्यांत मोठ्या प्राण्यांपैकी एक म्हणजे क्वेट्झलकोॲट्लस हा उडता सरीसृप. त्याच्या पंखांचा पसारा १० ते ११ मीटर आणि वजन २०० ते २५० किलो असावं, असा अंदाज आहे. ही तुमची नैसर्गिक मर्यादा. २५० किलोंच्या आत राहिलात तर निसर्ग तुमच्या बाजूने आहे. त्यापुढे जायचं तर मंत्र, मणी, वारा बांधणारी विद्या, जे काही लागेल ते आणा. पण त्याची किंमत वहीच्या पाचव्या भागात लिहा आणि ती कोणी ना कोणी दर वेळी फेडतं आहे हे दाखवा. वजन ७०० किलो आणि किंमत शून्य, हा या प्रकारच्या लेखनातला सगळ्यांत मोठा दोष.

पाठीवर स्वार बसवणार असाल तर त्याचंही वजन धरा. २५० किलोंच्या जनावरावर ६० किलोंचा माणूस म्हणजे जवळपास चौथा हिस्सा. ३० किलोंचं पोर परवडतं. ड्रॅगनवर लहान मुलंच का बसतात, याचं कारण इथे आयतं मिळतं, आणि ते पोर वयात आल्यावर काय होणार हा प्रश्नही. कादंबरीला असे प्रश्न हवेच असतात.

झेप घ्यायची जागा मुंबईतच आहे. अंधेरीची गिल्बर्ट हिल ६१ मीटर उंच आहे, काळ्या बेसॉल्टच्या उभ्या खांबांची, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या काळातली. माथ्यावर गावदेवीचं देऊळ आहे. एकदा प्रत्यक्ष चढून जा आणि खाली किती अंतरावर पहिली इमारत लागते ते नजरेने मोजा, कारण तुमच्या ड्रॅगनला तेवढ्याच अंतरात पंख उघडायचे आहेत. मार्चमध्ये दुपारी गेलात तर घारी वर चढणाऱ्या गरम हवेवर गोल फिरताना दिसतील, पंख न हलवता. जुलैत त्या तशा चढत नाहीत, आडोशाला बसून राहतात. तुमच्या ड्रॅगनचं पावसाळ्यातलं उड्डाण उन्हाळ्यासारखंच लिहिलंत तर मुंबईकर वाचकाला ते टोचेल. पंख वटवाघळासारखा कातडी पडद्याचा असेल, तर पावसात भिजून तो जड होतो का, हेही वहीत लिहून ठेवा.

पोट आणि आग

वाघाला वर्षाला साधारण ५० मोठ्या शिकारी लागतात, म्हणजे आठवड्याला चितळाएवढं एखादं जनावर. तुमचा ड्रॅगन गरम रक्ताचा असेल आणि रोज उडत असेल तर त्याला याहून जास्त लागेल. आठवड्याला तीन-चार बोकड धरून चाला. थंड रक्ताचा असेल तर गणित बदलतं. कोमोडो ड्रॅगन नावाचा खराखुरा, अवाढव्य सरडा एका बैठकीत स्वतःच्या वजनाच्या ८० टक्क्यांपर्यंत खाऊ शकतो आणि मग बरेच दिवस पडून राहतो. दोन्हींतलं एक निवडा. महिनाभर झोपणारं आणि रोज सकाळी लढाईला तयार असणारं जनावर एकाच पुस्तकात चालत नाही.

अन्न कुठून येतं, यातच कथानक दडलेलं असतं. तो मासळीवर जगतो असं ठरवा. मग १ जूनला पावसाळी मासेमारीबंदी सुरू होते, होड्या किनाऱ्याला लागतात आणि ससून डॉक सुना पडतो. समुद्र खवळलेला, ड्रॅगन उपाशी, आणि नारळी पौर्णिमा अजून लांब. कोळीवाड्यातल्या कुणीतरी पूर्वी त्याला काहीतरी कबूल केलेलं आहे. कादंबरीचा मधला तिसरा भाग एवढ्यावर उभा राहतो आणि त्यासाठी कुठला राक्षसी खलनायक आणावा लागत नाही.

आगीचं तसंच. बॉम्बार्डियर बीटल नावाचा भुंगा शरीरात हायड्रोक्विनोन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड साठवतो, गरज पडली की दोन्ही विकरांच्या (एन्झाइमच्या) कप्प्यात सोडतो, आणि जवळपास १०० अंश सेल्सिअसचा फवारा शत्रूवर उडवतो. निसर्गात आगीच्या इतकं जवळ जाता येतं. तुमच्या ड्रॅगनसाठी तीन आकडे ठरवा: एका दमात किती सेकंद, सलग किती दम, आणि पुन्हा भरायला किती वेळ. समजा चार सेकंद, तीन दम, दोन दिवस. आता प्रत्येक मारामारीत वाचक मनात मोजतो. तिसरा दम फुकट गेला की त्याच्या पोटात गोळा येतो, तुम्हाला एकही विशेषण न वापरता.

घर कुठे बांधायचं

बेसॉल्टच्या डोंगरात चुनखडीचे लोंबते खांब असलेली प्रचंड गुहा लिहू नका. तशा गुहा चुनखडकात तयार होतात. महाराष्ट्रातली प्रसिद्ध लेणी माणसांनी कोरलेली आहेत. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या कान्हेरीला शंभराहून अधिक लेणी आहेत आणि पावसाचं पाणी साठवणाऱ्या कोरीव पोढी आहेत. म्हणजे ड्रॅगन तिथे राहत असेल तर तो कुणाच्या तरी घरात राहतो आहे, किंवा ती जागा कुणीतरी त्याच्यासाठी कोरली आहे. दोन्ही शक्यता नैसर्गिक गुहेपेक्षा अधिक काही देतात.

जुनी मुंबई हवी असेल तर सात बेटांच्या काळात जा. वरळी आणि महालक्ष्मीच्या मधली खाडी बांध घालून बुजवली, ते काम १७८० च्या दशकात पुरं झालं. बांध पुन्हा पुन्हा ढासळत होता आणि समुद्रातून देवीच्या मूर्ती बाहेर काढल्यावरच टिकला, अशी आख्यायिका महालक्ष्मीच्या देवळाशी जोडलेली आहे. बांध रात्री कोण पाडत होतं, हा प्रश्न शहराने तुमच्यासाठी ठेवून दिला आहे. देवीला मात्र देवीच राहू द्या. श्रद्धेचं दैवत उचलून त्याला जनावर बनवणं वाचकाला दुखावतं आणि कथेलाही त्यातून काही मिळत नाही.

मराठी ड्रॅगन बोलतो कसा

या भागावर सगळ्यांत जास्त वेळ घालवा, कारण हस्तलिखितं सगळ्यांत जास्त इथेच पडतात.

आधी नाव. ड्रॅगन हा शब्द ग्रीक ‘द्राकोन’वरून आला, आणि त्याचा अर्थ साप. पश्चिमेकडचा ड्रॅगन आग ओकतो आणि सोन्यावर बसतो. चीनमधला पावसाचा आणि नद्यांचा मालक असतो. आपल्याकडे ऋग्वेदातला वृत्र हा अहि, म्हणजे सर्पच. तो पाणी अडवून बसतो आणि इंद्र वज्राने त्याला मारून नद्या मोकळ्या करतो. किल्ल्यांच्या दरवाजांवर कोरलेला शरभ सिंहाच्या अंगाचा आहे आणि देवळांच्या खांबांवरचा व्याल अनेक प्राण्यांच्या मिश्रणाचा. या दोघांची नावं घ्यायची तर त्यांचं रूपही घ्या; शरभ म्हणून सरडा दाखवू नका. सगळ्यांत जवळचा नातेवाईक आहे तो गुप्तधनावर बसलेला भुजंग, आणि कोकणातला राखणदार, म्हणजे जागेचं रक्षण करणारं दैवत. राखणदाराला मान द्यावा लागतो, वर्षाची राखण म्हणून नैवेद्य द्यावा लागतो, गाऱ्हाणं घालावं लागतं, आणि चुकलात तर तो आडवा येतो. यात करार आहे, देणं आहे, रागही आहे. पाश्चात्त्य ड्रॅगनला मराठी अंगण द्यायचं तर या दाराने आणा.

पात्रं त्याला काय म्हणतात, हे लेखक काय म्हणतो त्याहून वेगळं असू द्या. गावाकडे रात्री सापाचं नाव घेत नाहीत. ‘लांबडं’ म्हणतात, ‘जनावर’ म्हणतात, आणि साप चावला तर ‘पान लागलं’ म्हणतात. तुमच्या कोळीवाड्यातली आजी ‘ड्रॅगन’ म्हणणार नाही. तिच्या तोंडी न घेण्याचं एक नाव आणि घ्यायचं एक नाव द्या. शाळेत जाणारी नात ‘ड्रॅगन’ म्हणेल आणि आजी तिच्या तोंडावर हात ठेवेल. पिढ्यांमधलं अंतर दाखवायला एवढं पुरतं.

मग संबोधन. देवाला आणि आईला आपण ‘तू’ म्हणतो, सासऱ्यांना आणि साहेबांना ‘तुम्ही’. ड्रॅगनला कोण काय म्हणतं, तो कुणाला काय म्हणतो, याचा तक्ता वहीत काढा. ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येणं ही मराठीत एक घटना असते. ती कुठल्या प्रकरणात घडते हे तुम्हाला आधीच माहीत हवं.

व्याकरण एकदाच ठरवा आणि मोडू नका. तो ड्रॅगन, ते ड्रॅगन; ‘ड्रॅगन्स’ नको. ‘ड्रॅगनचा’ की ‘ड्रॅगनाचा’, यांतलं एक घ्या. आमचं मत ‘ड्रॅगनचा’ला, कारण दुसरं रूप तीनशे पानं वाचताना अडखळवतं. मादीसाठी ‘ड्रॅगनीण’ हे रूप गंभीर प्रसंगात हसू आणतं. तिला सरळ नावाने हाक मारा. नावं निवडताना प्रत्येकाला चा, ला, ने लावून मोठ्याने म्हणा, मग दूरवरच्या माणसाला हाक मारावी तसं ओरडून बघा. मधे अपॉस्ट्रॉफीसारख्या खुणा घुसवलेली किंवा चार जोडाक्षरांची नावं या चाचणीत टिकत नाहीत.

इंग्रजी फँटसी खूप वाचलेल्या लेखकाची मराठी वाक्यं नकळत इंग्रजीच्या मागे चालतात. डोळे ‘रुंदावतात’, जे मराठीत विस्फारतात. प्राचीन, गूढ, भीषण, अतिविशाल ही विशेषणं एकामागून एक येतात. उपाय एकच: प्रकरण पुरं झालं की मोठ्याने वाचा, आणि जीभ जिथे थांबेल तिथे पेन्सिलीची खूण करा. खुणा पानाला पाचाहून जास्त झाल्या तर ते पान डागडुजी न करता नव्याने लिहा.

किती लिहायचं, कधी

पहिल्या कादंबरीसाठी ८०,००० शब्द पुरे. दोन-दोन हजारांची ४० प्रकरणं. ड्रॅगन स्वतः उशिरा आला तरी चालेल. त्याची सावली, वास किंवा त्याने सोडलेलं काहीतरी पहिल्या ३,००० शब्दांत दिसू द्या. रोज ५०० शब्द या वेगाने १६० दिवस लागतात. आठवड्याला सहा दिवस लिहिलंत तर साधारण २७ आठवडे. डोंबिवली किंवा विरारहून रोज लोकलने जाणाऱ्याने बसायला जागा मिळेल तीच बाजू लेखनाची धरावी, आणि उभ्याच्या प्रवासात कालचं वाचून काढावं. गर्दीत बोलून टंकलेखन करायला जाऊ नका, पात्रांची नावं दर वेळी वेगळी उमटतात.

संदर्भांसाठी नायगावचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, आणि जुन्या मुंबईसाठी फोर्टच्या टाऊन हॉलमधली एशियाटिक सोसायटी. महिन्यातला एक शनिवार त्यासाठी राखा. रोज संदर्भ शोधणारा लेखक लिहीत नाही.

लेखक म्हणून उभं राहणं

कादंबरीच्या आधी दोन-तीन कथा छापून आलेल्या असाव्यात. दिवाळी अंकांची परंपरा १९०९ मध्ये मासिक मनोरंजनपासून सुरू झाली आणि नवा लेखक वाचला जाण्याची ती आजही चांगली जागा आहे. कथा ३,००० ते ४,००० शब्दांची ठेवा आणि जून संपायच्या आत पाठवा. गणपतीत पाठवलेली कथा कितीही चांगली असली तरी अंकाची पानं भरलेली असतात. तुमच्या ड्रॅगनचं शरीर विज्ञानाने पटवता येत असेल तर मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेकडेही बघा. १९७४ मध्ये जयंत नारळीकरांनी तिथेच टोपणनावाने कथा पाठवली होती.

प्रकाशकाकडे एका पानाचं पत्र, दोन पानांचा सारांश आणि पहिली तीन प्रकरणं पाठवा. सारांशात शेवट सांगा. तो लपवला तर संपादकाला निर्णय घेता येत नाही. ‘पाच खंडांची मालिका’ म्हणून पाठवू नका. पहिलं पुस्तक स्वतःच्या पायावर संपलं पाहिजे, कारण दुसरं निघेल की नाही हे पहिल्याच्या विक्रीवर ठरतं, आणि अर्धवट सोडलेला वाचक परत येत नाही.

पैशाचं गणित आधीच करून ठेवा. ४०० रुपये किंमत, छापील किमतीवर १० टक्के मानधन, १,००० प्रतींची आवृत्ती: सगळी संपली तर ४०,००० रुपये. तेच १० टक्के निव्वळ विक्रीवर असतील आणि विक्रेत्याला ४० टक्के सूट असेल, तर २४,०००. करारातल्या एका शब्दाने १६,००० रुपयांचा फरक पडतो, तेव्हा तो शब्द शोधा. नोकरी सोडू नका. प्रकाशक छपाईचे पैसे मागत असेल तर तो छपाईची सेवा विकतो आहे असं समजा, आणि किती प्रती, कुठल्या कागदावर, कुणाच्या गोदामात, हे लेखी घ्या.

१९५७ चा कॉपीराइट कायदा इथे लेखकाच्या बाजूचा आहे. हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं राहतो. नोंदणी सक्तीची नाही. हक्क देण्याचा करार लेखी आणि सहीचाच लागतो. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता, आणि दिलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर, करारात वेगळं काही नसेल, तो संपतो. अडचण येते ती करारात ‘सर्व हक्क, सर्व माध्यमं, कायमचे’ असं लिहून येतं तेव्हा. छापील पुस्तक, ई-पुस्तक, ऑडिओ, भाषांतर आणि चित्रपट ही पाच वेगळी कलमं करून घ्या. ड्रॅगनच्या गोष्टी ऐकायलाही छान लागतात, तेव्हा ऑडिओचा हक्क पहिल्याच सहीत फुकट सोडू नका.

स्वतः छापणार असाल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, राजा राममोहन राय एजन्सीकडून विनामूल्य मिळतो. डेमी या पुस्तकांच्या नेहमीच्या आकारात पानाला ३०० शब्द धरले तर ८०,००० शब्दांची २६७ पानं होतात. फर्मा, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेला पानांचा गठ्ठा, १६ पानांचा, म्हणून १७ फर्मे, २७२ पानं. शीर्षकपान, हक्कपान आणि नकाशा धरून १८ फर्म्यांचा अंदाज घ्या. प्रकाशनानंतर ३० दिवसांत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयासह आणखी तीन ग्रंथालयांना प्रती पाठवणं कायद्याने बंधनकारक आहे.

मुद्रितं (छपाईआधीची प्रूफं) तपासताना एक धोका खास आहे. तुम्ही युनिकोडमध्ये लिहिता, आणि अक्षरजुळणी करणारा पुष्कळदा ते श्रीलिपी या जुन्या फाँटपद्धतीत फिरवून घेतो. त्यात रफार सरकतो, ‘ॅ’ उडतो, आणि ‘ऱ्य’ व ‘र्य’ एकमेकांत मिसळतात. ‘ड्रॅगन दर्यातून वर आला’ याचं ‘ड्रगन दऱ्यातून वर आला’ होतं, आणि ‘दर्या’ व ‘दऱ्या’ हे शब्द दोन्ही खरे असल्यामुळे तिसऱ्या वाचनापर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. इनडिझाइन या पानं जुळवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये थेट युनिकोड वापरत असतील तर त्यातली वर्ल्ड-रेडी कंपोझर ही सोय सुरू आहे का ते विचारा, नाहीतर जोडाक्षरं तुटतात. पूर्ण मजकूर देण्याआधी दर्या, दऱ्या, ड्रॅगन, ॲसिड, कर्ता, सुऱ्या एवढे शब्द असलेली एक ओळ जुळवून आणि कागदावर छापून मागा.